‘घरी सांगू नकोस’ असं कुणी म्हणालं तर…



मुलांना फोन कधी द्यावा, किती वेळ द्यावा, रात्री काढून घ्यावा की नाही, यावर आपण पालकसभांमधून पुष्कळ बोलतो. आज मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. फोन हातात आला की कधी ना कधी पलीकडून कुणीतरी आपल्या मुलाला फसवू पाहील, धमकावेल किंवा मोहात पाडेल. त्या वेळी आपलं मूल सगळ्यात आधी कुणाकडे जाईल? माझं सगळं सांगणं या एका प्रश्नाभोवती आहे.

ऑनलाइन फसवणुकीच्या तऱ्हा शंभर आहेत आणि रोज नवी निघते. त्या सगळ्या पाठ करणं कुणालाच जमणार नाही. पण बारकाईनं पाहिलं तर बहुतेक तऱ्हांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘हे घरी कुणाला सांगू नकोस.’ कधी ते धमकी म्हणून येतं, कधी दोघांतलं गुपित म्हणून, तर कधी ‘पैसे जमले की आईबाबांना एकदमच चकित कर’ अशा गोड रूपात. पासवर्ड आणि ओटीपी चोराला हवेच असतात. पण त्याआधी त्याला हवा असतो एकटा पडलेला माणूस. चार माणसांत बसून विचार करणाऱ्याला लुबाडणं अवघड जातं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

हे फक्त मुलांच्या बाबतीत होतं असं समजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान या वस्त्रोद्योग समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना सीबीआयचे अधिकारी म्हणवणाऱ्या टोळीनं व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी त्यांना दाखवली आणि सात कोटी रुपये काढून घेतले. पद्मभूषण मिळालेले, आयुष्यभर मोठा व्यवसाय सांभाळलेले, ८२ वर्षांचे गृहस्थ. त्यांनाही कुणापाशी काही बोलायचं नाही असंच बजावलं होतं. पुढे तक्रार झाली आणि त्यातले सव्वापाच कोटींच्या आसपास परत मिळाले. ‘डिजिटल अरेस्ट’ अशी कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं. तरीही माणसं अडकतात, कारण भीती वाटू लागली की शहाणपण गोठतं आणि ते जागं करायला शेजारी कुणी नसतं. एवढ्या अनुभवी माणसाचं हे झालं, तर दहावीतल्या पोराचं काय होत असेल?

ते कसं होतं, हे जरा जवळून पाहू. कारण आपल्याला वाटतं, ‘आमचा असा नाही.’

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरातली माणसं झोपलीत. मुलाला इन्स्टाग्रामवर एका मुलीची रिक्वेस्ट येते. वर्गातले दोन मित्र तिच्या यादीत आधीच आहेत, म्हणजे ओळखीतलीच असणार, असं त्याला वाटतं. खरं तर त्या दोघांनीही ती तशीच, न ओळखता स्वीकारलेली असते. गप्पा सुरू होतात. परीक्षा, क्रिकेट, एकटेपणा. मग ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये.’ मग व्हिडिओ कॉल. समोर दिसणारा चेहरा खरा नसतोच, आधी तयार करून ठेवलेली फीत असते. त्याच्याकडून नको ते करवून घेतलं जातं आणि काही मिनिटांत त्याचंच चित्रीकरण त्याच्या फोनवर येऊन पडतं. सोबत त्याच्या फॉलोअर्सची यादी. क्लासचे सर, मावशी, आतेबहीण. ‘दहा मिनिटांत पाच हजार पाठव, नाहीतर सगळ्यांना जाईल.’

त्याच्या खात्यात आठशे रुपये असतात. ते तो पाठवतो. मागणी थांबत नाही, उलट वाढते, कारण हा पैसे देतो हे आता कळलेलं असतं. तो मित्राकडून उसने घेतो. मग बाबांच्या फोनचा पिन त्याला ठाऊक असतो, तो वापरतो. तुम्ही शेजारच्या खोलीत असता आणि तो तुम्हाला उठवत नाही. त्याच्या डोक्यात एवढंच चाललेलं असतं: बाबा मारतील, आई रडेल, फोन कायमचा जाईल, शाळेत कळेल. अशा वेळी काही मुलांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं आहे. म्हणून हा विषय पैशांपुरता नाही.

मुलींच्या बाबतीत तर याहून वाईट घडतं. तिनं काहीही पाठवलेलं नसतं. स्नेहसंमेलनातला साडीतला साधा फोटो कुणीतरी उचलतो आणि एआयच्या ॲपमधून त्याचं काहीतरी भलतंच करून आणतो. हे करणारा कित्येकदा वर्गातलाच असतो. ती घाबरत घाबरत घरी सांगते आणि पहिला प्रश्न येतो, ‘पण तू फोटो टाकलासच कशाला?’ हा प्रश्न ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी तुम्हाला काही सांगायला येणार नाही.

म्हणून तुम्हाला एक गोष्ट कळकळीनं सांगते. अशा प्रसंगी तोंडून निघणारं पहिलं वाक्य आजच ठरवून ठेवा. त्या क्षणी सुचणार नाही. राग येईल, हात थरथरतील, पायाखालची जमीन सरकेल. तरी तोंडातून हेच निघू दे: ‘सांगितलंस ते फार बरं केलंस. आता हे आपण मिळून निस्तरू.’ चूक काय झाली, कशी झाली, याचा हिशेब चार दिवसांनी शांतपणे करता येतो. त्या रात्री मुलाला आधी आपलं माणूस सापडलं पाहिजे.

मग निस्तरायचं कसं? पैसे द्यायचे नाहीत, एक रुपयाही नाही. घाबरून चॅट पुसायचं नाही. स्क्रीनशॉट काढायचे, समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, पैसे मागितले तो यूपीआय आयडी किंवा नंबर टिपून ठेवायचा आणि मग ब्लॉक करून त्या ॲपवर तक्रार नोंदवायची. मुलाचं चित्रीकरण मात्र पुरावा म्हणून नातेवाइकांना किंवा शाळेच्या ग्रुपवर चुकूनही पुढे पाठवायचं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली एक राष्ट्रीय संस्था ती चालवते आणि भारतातूनही ती वापरता येते. तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. तो फोनमध्येच राहतो आणि त्यावरून बोटाच्या ठशासारखा एक सांकेतिक क्रमांक तयार होतो. त्या क्रमांकाच्या आधारे इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या सेवा तोच फोटो ओळखून आपल्याकडून काढून टाकू शकतात. ‘फोटो एकदा बाहेर गेला की सगळं संपलं’ असं वाटणाऱ्या मुलाला ही माहिती फार मोठा धीर देते.

आणि कायदा मुलाच्या बाजूनं आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. मुलांची अशी चित्रं तयार करणं, साठवणं, पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बी खाली आणि २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, जवळच्या पोलीस ठाण्यातही करता येते. मूल हादरलेलं असेल आणि कुणाशी बोलावं हे कळत नसेल, तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीची हेल्पलाइन १९३०. हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा. तो का महत्त्वाचा, ते समजून घ्या. चोरलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. काही मिनिटांत तो दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या खात्यात जातो आणि शेवटी एटीएममधून रोख निघतो. २०२१ मध्ये पोलीस आणि बँकांना जोडणारी एक यंत्रणा केंद्र सरकारनं उभी केली. तुमची तक्रार आली की पैसे ज्या खात्यात पोचले असतील त्या बँकेला लगेच कळवलं जातं आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम अडवून ठेवली जाते. म्हणजे सगळी शर्यत वेळेशी आहे. पहिल्या तासाभरात फोन गेला तर पैसे वाचण्याची शक्यता बरीच असते. मुलानं भीतीपोटी दोन दिवस लपवलं, तर तो पैसा केव्हाच निघून गेलेला असतो. फोन करताना बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.

आता दुसरा एक नमुना, जो मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त फसवतो. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरावरून लग्नाची पत्रिका येते. आपण कौतुकानं उघडायला जातो. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ असायला हवी. इथे फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात, म्हणजे ते चक्क एक ॲप असतं. फोन विचारतो, ‘अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का?’ आपण ‘हो’ म्हणतो. ते मेसेज वाचण्याची परवानगी मागतं, आपण तीही देतो. तिथून पुढे बँकेचा प्रत्येक ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो. आणि तुमच्याच नंबरावरून तीच पत्रिका तुमच्या नातेवाइकांना जाते. वाहनाचं चलन, वीज तोडण्याची सूचना, बँकेचं केवायसी अशी तिची नावं बदलतात, आतलं कपट तेच.

यातून मुलांना एक साधी गोष्ट शिकवा: ओळखीच्या नंबरावरून आलं म्हणजे ओळखीच्या माणसानं पाठवलं असं होत नाही. शंका आली की दुसऱ्या वाटेनं खात्री करायची. पत्रिका आली तर त्या घरी साधा फोन लावायचा. बँकेचा मेसेज आला तर त्यातला नंबर न लावता कार्डाच्या मागचा नंबर लावायचा. शाळेच्या नावानं फीची लिंक आली तर शाळेच्या कार्यालयात विचारायचं. सगळ्यांवर संशय घ्या असं मी म्हणत नाही. विश्वास ठेवायचाच, पण विचारून ठेवायचा.

आवाजाचंही तसंच आहे. मुलाच्या काही सेकंदांच्या व्हिडिओवरून त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल आता करता येते. डीपीला पोलिसांच्या गणवेशातला फोटो लावून फोन येतो: ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, प्रकरण मिटवायचं तर आत्ता पैसे पाठवा.’ मागून रडण्याचा आवाज येतो, ‘आई, मला सोडव.’ कोणत्या आईचं काळीज जागेवर राहील? म्हणून घरात एक परवलीचा शब्द ठरवा. घरच्यांशिवाय कुणालाच ठाऊक नसलेला, सोशल मीडियावर कुठेही न सापडणारा. संकटाच्या फोनवर तो विचारायचा. आणि काहीही करण्याआधी फोन ठेवून मुलाच्या स्वतःच्या नंबरावर, त्याच्या मित्राला, क्लासला फोन करायचा.

मुलं कॉलेजात गेली की धोक्याचं रूप पालटतं. तिथे भीतीपेक्षा लोभ काम करतो. ‘तुझं खातं महिनाभर वापरू दे, पाच हजार मिळतील.’ हॉस्टेलमध्ये, टेलिग्रामवर अशा ऑफर सर्रास फिरतात. मुलाला वाटतं, आपण कुठे कुणाला फसवतोय? प्रत्यक्षात चोरीचा पैसा त्याच्या खात्यातून पुढे जातो आणि पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढले गेले, आपल्या कोल्हापुरातही काढले गेले. २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली. त्यात एटीएमसमोर उभं राहून पैसे काढणारे होते. अशा गुन्ह्यांत डाव रचणारे दूर कुठेतरी सुरक्षित बसतात आणि हाती लागतात ती हलकी कामं करणारी पोरं. आपल्या मुलाला हे एकदा नीट समजावून सांगा: खातं, सिम कार्ड, आधार कुणालाही भाड्यानं द्यायचं नाही, मित्रालाही नाही.

परदेशातल्या ‘डेटा एंट्री’च्या नोकऱ्यांबद्दलही सावध राहा. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेले कितीतरी भारतीय तरुण सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीच्या बंदिस्त वसाहतींत पोचले. तिथे त्यांच्याकडून जबरदस्तीनं लोकांना फसवण्याचं काम करून घेतलं गेलं. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं अशा पाचशेहून अधिक जणांना विमानानं परत आणलं. फोनवर गोड बोलून लुटणारा कधी कधी स्वतःच कुणाचा तरी कैदी असतो, हे मुलांना कळलं पाहिजे.

हे सगळं ऐकून काही पालक म्हणतील, मग मुलाच्या फोनमध्ये गुपचूप लक्ष ठेवणारं ॲपच टाकतो. मला ते पटत नाही. लहान मुलांच्या फोनवर नियंत्रण असायलाच हवं, पण ते उघड असू दे. ‘तुझ्या फोनमध्ये कोणती ॲप आहेत ते रविवारी आपण दोघं बघणार’ असं सांगून बघा. चोरून वाचलेलं चॅट मुलाला कधी ना कधी कळतंच आणि तेव्हापासून ते दुसरं खातं काढतं, जे तुम्हाला कधीच दिसत नाही. विहिरीत पोहायला शिकवताना आधी पाठीला डबा बांधतात, काठावर जाणता माणूस उभा राहतो आणि हात चालू लागले की डबा सोडतात. वयाप्रमाणे मोकळीक अशीच वाढवत न्या. मुलाला यूपीआय द्यायचं असेल तर ‘यूपीआय सर्कल’ची सोय आहे, त्यात तुमच्या खात्यातून तुम्ही घातलेल्या मर्यादेत त्याला खर्च करता येतो. आणि त्याला पहिल्याच दिवशी सांगा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात, समोरचा काहीही म्हणो.

मुलं आपलं ऐकण्यापेक्षा आपल्याकडे बघत जास्त असतात. तेरा वर्षं पूर्ण नसताना आपणच जन्मसाल खोटं टाकून इन्स्टाग्रामचं खातं उघडून देतो. त्यात दुहेरी तोटा आहे. ऑनलाइन जगात खोटं चालतं हे मूल आपल्याकडून शिकतं आणि किशोरवयीन मुलांसाठी असलेलं संरक्षणही त्याला मिळत नाही. खरं वय टाकलेल्या मुलाचं खातं आपोआप खासगी राहतं आणि अनोळखी माणसाला त्याला सहज मेसेज करता येत नाही. तसंच निकालाचा कागद, शाळेचा गणवेश, बसचा नंबर, वाढदिवसाची तारीख हे सारं आपण अभिमानानं स्टेटसला ठेवतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी, असं म्हटलं आहे. कंपन्यांनी मुलांच्या माहितीचा मान राखावा असं आपण म्हणतो, तर फोटो टाकण्याआधी मुलाला ‘टाकू का?’ एवढं आपणही विचारू या. जो स्वतःच्या फोटोवर हक्क सांगायला घरात शिकतो, तो बाहेर फोटो मागणाऱ्यालाही नाही म्हणू शकतो.

या रविवारी तासभर सगळे एकत्र बसा, आजीआजोबांनाही घ्या. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. संचार साथी या सरकारी सेवेवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते तपासा, आपला नसलेला दिसला तर तिथेच कळवा. ईमेलचा पासवर्ड वेगळा आणि लांब करा, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथेच असतात. आणि आजोबांना हे शिकवायचं काम मुलांवर सोपवा. जे मूल आजोबांना सावध करतं, ते स्वतःही सावध होतं. शिवाय घरात या गोष्टी मोठ्यानं बोलायच्या असतात, हे त्याच्या अंगवळणी पडतं.

शेवटी एक विनंती. ‘काहीही झालं, कितीही वाजले, तरी मला उठव. खरं सांगितलंस म्हणून तुझा फोन मी काढून घेणार नाही’ असं मुलाला आजच सांगा. आणि दिलेला शब्द पाळा. त्याची कसोटी मोठ्या संकटात लागत नाही, त्याच्या खूप आधी लागते. एखाद्या संध्याकाळी मूल येऊन म्हणेल, ‘आई, गेमच्या नादात माझे दोनशे रुपये गेले.’ त्या दोनशे रुपयांवरून तुम्ही आकाशपाताळ एक केलंत, तर पुढचे पाच हजार गेलेले तुम्हाला कळणार नाहीत. तुम्ही त्याला जवळ बसवून ‘कसे गेले, दाखव बरं’ एवढंच म्हणालात, तर पुढच्या वेळी पैसे जाण्याआधीच ते तुमच्याकडे येईल.